मोटारीचे सुकाणू आणि सस्पेन्शन : निगा, तपासणी व दुरुस्ती

इंजिन बिघडले तर मोटार जागच्या जागी थांबते आणि फार तर प्रवाशांचा खोळंबा होतो. सुकाणूचा सांधा निखळला तर मात्र मोटार चालतच राहते. फक्त तिचे तोंड कोणीकडे असावे हे ठरविणे चालकाच्या हाती उरत नाही. सपाट रस्त्यावर असे घडले तर गाडी शेतात उतरेल. घाटाच्या वळणावर घडले तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. चोर्ला घाटातून बेळगावकडे, अनमोड घाटातून लोंढ्याकडे आणि करमळ घाटातून काणकोणकडे रोज असंख्य वाहने जातात. शाळांच्या ‘बालरथ’ बसगाड्या, रुग्णवाहिका, कार्यालयांच्या जीपगाड्या, भाजी आणि मासळी वाहणारे टेंपो या सर्वांचा भार शेवटी मनगटाएवढ्या काही लोखंडी सांध्यांवर व दांड्यांवर असतो.

सुदैवाची गोष्ट अशी की, हे सांधे बहुधा पूर्वसूचना दिल्यावाचून तुटत नाहीत. कित्येक आठवडे आधीपासून ते चालकाच्या हाताला, कानाला आणि गाडीच्या टायरांवर आपली अवस्था कळवीत असतात. ही सूचना वाचावी कशी, गाडीमालकाने, चालकाने किंवा वाहन ताब्यात असलेल्या अधिकाऱ्याने स्वतः काय तपासावे, आणि कोणते काम मेकॅनिकवर सोपवावे, हे समजावून देणे हा या पाठाचा हेतू आहे.

रचना थोडक्यात

जुन्या चारचाकी घोडागाडीत पुढचा संपूर्ण आस मधल्या खिळ्याभोवती फिरत असे. त्यामुळे गाडी वळताना तिचा तोल जाई. म्युनिकचे गाडी-कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यांनी यावर तोड काढली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. या योजनेत आस स्थिर राहतो व त्याच्या टोकांवरील चाके तेवढी वळतात. वळणाच्या आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते अधिक वळते. बाहेरचे चाक कमी वळते. आजच्या मोटारीतही हेच तत्त्व आहे.

जुन्या पद्धतीच्या जीपमध्ये चालकाने फिरविलेले सुकाणू-चक्र प्रथम गिअर बॉक्ससारख्या एका बंद पेटीतील दाते फिरविते. त्या पेटीतून निघालेला आडवा हात ड्रॅग लिंक नावाची दांडी ढकलतो आणि दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड दोन्ही चाके एकदम वळवितो. या दांड्यांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. आपल्या खांद्याच्या सांध्याप्रमाणे यात एक गोळा एका खोबणीत बसलेला असतो. तो सर्व बाजूंना हलू शकतो, पण बाहेर निसटू शकत नाही. चाक ज्या उभ्या खुंटीभोवती वळते तिला किंगपिन म्हणतात.

लहान मोटारींत ही पेटी नसते. तेथे चक्राच्या दांडीच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते आणि ते दात्यांच्या एका आडव्या पट्टीवर फिरते. पट्टी डावीउजवीकडे सरकते व तिच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाके वळवितात. यालाच रॅक-पिनियन म्हणतात. २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अ‍ॅम्बॅसडर आणि मारुती ८०० या दोन्ही मोटारींत हीच पद्धत होती आणि आजच्या बहुतेक लहान मोटारींतही तीच आहे.

सस्पेन्शनची कामे तीन. पाटे किंवा गुंडाळीची स्प्रिंग गाडीचा भार पेलते व खड्ड्याचा धक्का झेलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या स्प्रिंगचे हेलकावे थांबवितो. याचे नाव थोडे फसवे आहे, कारण धक्का झेलण्याचे काम त्याचे नव्हे. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून दाबाने जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेत बदलून नाहीशी होते. तिसरे काम चाकाला त्याच्या जागी धरून ठेवण्याचे. ते पाटे, आर्म आणि त्यांच्या टोकांचे रबरी बुश करतात. अर्ल मॅक्फर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘स्ट्रट’मध्ये स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबात बसविलेले असतात. १९५० च्या सुमारास ब्रिटनमधील फोर्डच्या मोटारींत ही रचना आली व पुढे जगभरच्या लहान मोटारींत रुजली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुकाणू आणि सस्पेन्शन ही नावे दोन असली, तरी रस्त्यावर त्यांचे काम एकच असते. पाट्याचा यू-बोल्ट सैल झाला तर आस सरकतो आणि तक्रार येते ती सुकाणूची. म्हणून एकाची तपासणी करताना दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू नये.

टायर हा पहिला साक्षीदार

कोणतेही हत्यार हाती न घेता करावयाची पहिली तपासणी म्हणजे टायरची झीज पाहणे. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल, तर हवा कमी ठेवली जात आहे. मध्यभाग झिजून कडा शिल्लक असतील, तर हवा अधिक आहे. एकच कड झिजली असेल, तर चाक आत किंवा बाहेर कललेले आहे. आर्मचा बुश बसला असेल, बॉल जॉइंट झिजला असेल किंवा धडकेने एखादा भाग वाकला असेल. टायरवरून तळहात आडवा फिरविला असता एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे टोचत असेल, तर दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे अलाइनमेंट बिघडले आहे. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झालेला असतो किंवा चाकाचे संतुलन बिघडलेले असते.

अलाइनमेंटच्या थोड्याशा चुकीने किती हानी होते, याचा हिशेब शाळेतील विद्यार्थीही करू शकतील. समजा, टायरचा व्यास ६०० मिलिमीटर आहे आणि पुढच्या दोन चाकांमधील अंतर पुढच्या बाजूस मागच्या बाजूपेक्षा, असावयास हवे त्याहून ६ मिलिमीटरने कमी आहे. म्हणजे प्रत्येक चाक ६०० मिलिमीटरमागे ३ मिलिमीटर, अर्थात दोनशेस एक या प्रमाणात, तिरके झाले. असे चाक एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा हिशेबाने ५ मीटर आडवे घासले जाते. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात ही आडवी घासण ५० किलोमीटर होते. सहा मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीइतके अंतर. पण त्यासाठी नवा टायर अकाली टाकून द्यावा लागतो.

अर्ध्या तासाची मासिक तपासणी

ही तपासणी सपाट व कठीण जागेवर करावी. पंचायतीचे सिमेंटचे अंगण किंवा शाळेचे पक्के पटांगण यासाठी योग्य होय. सोबत एक मदतनीस असावा.

१. चक्राचा ढिलेपणा : पुढची चाके सरळ ठेवावीत. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे. चक्र एका बोटाने हळूहळू डावीउजवीकडे फिरवावे आणि चाक हलू लागण्यापूर्वी चक्राची कड किती सरकते ते पट्टीने मोजावे. रॅक-पिनियनच्या लहान मोटारीत ही चाल दोन-तीन सेंटिमीटरहून अधिक असू नये. पेटीच्या जुन्या जीपमध्ये ती थोडी अधिक असते. दर महिन्याचा आकडा वहीत लिहून ठेवावा. आकड्यापेक्षा त्यातील वाढ अधिक बोलकी असते.

२. सांधे पाहणे : मदतनीसाने चक्र थोडे थोडे हलवीत राहावे व आपण पुढून वाकून टाय रॉडच्या प्रत्येक टोकाकडे पाहावे. सांध्यावर बोटे ठेवावीत. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला दुसरा भाग किंचित उशिरा हलला, तर तो सांधा झिजला असे समजावे. ‘टक्’ असा बोटांना जाणवणारा ठोका हेही त्याचेच लक्षण आहे.

३. रबरी टोप्या : प्रत्येक बॉल जॉइंटवर रबराची टोपी असते आणि रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचे रबरी आवरण असते. ते फाटले की ग्रीस बाहेर येते, पाणी आत शिरते आणि आपल्याकडील तांबडी धूळ उरल्यासुरल्या ग्रीसमध्ये मिसळून सहाणेप्रमाणे गोळा घासू लागते. फाटलेली टोपी त्याच आठवड्यात बदलल्यास सांधा वाचतो. एक पावसाळा तशीच ठेवल्यास बहुधा संपूर्ण सांधा बदलावा लागतो.

४. चाक उचलून तपासणे : हँडब्रेक लावावा, मागच्या चाकांना पुढून व मागून दगड लावावेत, मगच पुढचे चाक जॅकने उचलावे. जमीन मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी घ्यावी. गाडी लगेच पक्क्या लोखंडी घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली हात किंवा डोके कदापि घालू नये. आता चाक वरून व खालून धरून आतबाहेर हलवावे. खडखड जाणवल्यास मदतनीसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा किंवा आर्मच्या बॉल जॉइंटचा. त्यानंतर चाक डावीउजवीकडून धरून हलवावे. या दिशेची ढिलाई प्रामुख्याने टाय रॉडची टोके किंवा रॅक झिजल्याने येते.

जॅक कोठे लावला यावरही निष्कर्ष अवलंबून असतो. अखंड आसाच्या जीपमध्ये तो आसाखाली लावावा. स्ट्रट असलेल्या लहान मोटारीत कंपनीने ठरवून दिलेल्या जागी. परंतु ज्या गाडीची स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली आहे, तिच्यात जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावावा. अन्यथा स्प्रिंगच्या दाबाने सांधा आवळलेला राहतो व झिजलेला असूनही निर्दोष भासतो.

५. पाटे : प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने पुसून तडा आहे का ते पाहावे. तडे बहुधा मधल्या बोल्टच्या छिद्रापाशी किंवा मुख्य पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्यापाशी जातात. दोन पाट्यांमधून ताजा गंज पावडरीसारखा गळत असेल, तर तेथे संशय घ्यावा. यू-बोल्टचे नट पान्याने तपासावेत. शॅकलचे बुश चेपले आहेत का ते पाहावे.

६. शॉक अ‍ॅब्सॉर्बर : गाडीचा एकेक कोपरा दोन-तीनदा जोराने दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिरावला पाहिजे. झोके घेत राहिला तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर संपला. मात्र ही परीक्षा ढोबळ आहे. झोके न घेणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बरही थकलेला असू शकतो. म्हणून नळीवर तेलाचे ओघळ आहेत का आणि टायरवर वाट्या पडल्या आहेत का, हेही पाहावे.

७. दोरीचे मोजमाप : चाके सरळ ठेवून डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी ताणून गाठ मारावी व तीच दोरी उजव्या बाजूला लावून पाहावी. बहुतेक गाड्यांत ही दोन्ही अंतरे समान असतात. स्पष्ट फरक आढळल्यास आस सरकला आहे किंवा एखादा आर्म वाकला आहे. खेकड्याप्रमाणे तिरकी चालणारी जीप मागून पाहताच ओळखू येते. दोरी तोच दोष आधी दाखविते.

८. रस्त्यावरील परीक्षा : शेवटी मोकळ्या रस्त्यावर सावकाश गाडी चालवावी. हात सैल ठेवताच ती एका बाजूला ओढते का, वळणानंतर चक्र आपोआप सरळ होते का, खड्ड्यात कोणत्या बाजूने आवाज येतो, हे ध्यानात घ्यावे. एका बाजूला ओढणाऱ्या गाडीत प्रथम दोन्ही टायरांची हवा व ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क तापतो का, हे पाहावे. साधे कारण आधी नाहीसे करून मगच मोठ्या कारणाकडे वळावे.

दुरुस्ती : काय करावे, काय टाळावे

जुन्या जीपमधील किंगपिन, टाय रॉडची टोके आणि शॅकल यांना ग्रीस निप्पल असतात. त्यांतून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराने ग्रीस भरावे आणि गाडी पाण्यातून गेल्यास त्याआधीच भरावे. निप्पल प्रथम पुसून घ्यावे, नाहीतर ग्रीस गनच आतमध्ये माती ढकलते. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत भरावे. ज्या सांध्याला निप्पल नाही, तो कायमचा बंद केलेला असतो. तो झिजला की बदलावयाचा. रबरी बुश कुरकुरतो म्हणून त्यावर इंजिनचे जुने तेल ओतण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. तेलाने रबर फुगते व मऊ पडते. आवाज आठ दिवस थांबतो आणि बुश कायमचा जातो.

टाय रॉडचे टोक बदलताना जुने टोक किती आटे आत होते ते मोजून नवे तितकेच बसवावे. एवढ्याने गाडी अलाइनमेंटच्या केंद्रापर्यंत नीट जाईल, परंतु अलाइनमेंट केल्यावाचून काम पुरे झाले असे समजू नये. खाचांच्या नटात स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी. नट योग्य ताणाने आवळल्यावर खाच व छिद्र जुळले नाही, तर नट आणखी थोडा आवळून पुढची खाच जुळवावी. पिन जावी म्हणून तो कधीही सैल करू नये. पिनेऐवजी खिळा किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे प्रवाशांचा जीव त्या तारेला बांधणे होय.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर व स्प्रिंगा एकाच आसावर जोडीने बदलाव्यात. एक नवा आणि एक जुना असेल तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला झुकते. आर्मचे रबरी बुश बदलल्यावर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचा भार स्प्रिंगवर आल्यानंतरच शेवटचे आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते व थोड्याच दिवसांत फाटते. नवे पाटे बसविल्यावर ते काही दिवसांत एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल होतात. म्हणून सुमारे पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. हे न केल्यास सर्व ताण मधल्या बारीक बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि आस जागेवरून सरकतो.

पुढील तीन गोष्टी मात्र कोणीही करू नयेत. पहिली, वाकलेला टाय रॉड किंवा सुकाणूचा हात भट्टीत तापवून सरळ करणे, अथवा तुटलेला वेल्डिंगने जोडणे. या भागांच्या पोलादाला विशेष प्रकारे तापवून व निववून बळकटी आणलेली असते. ती भट्टीत जाते आणि भाग दिसायला सरळ, पण आतून कमकुवत होतो. दुसरी, स्ट्रटच्या माथ्यावरील मधला नट स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराशिवाय सोडणे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर समोरच्या माणसाचा जबडा किंवा कवटी फोडते. तिसरी, अधिक माल भरता यावा म्हणून पाटे वाढविणे. पाटा भार सहन करील, पण चाकाचे बेअरिंग, आस, ब्रेक आणि टायर पूर्वीच्याच मापाचे राहतात. रिकामी गाडी उसळू लागते आणि धक्के थेट चॅसिसला बसतात.

घाटात ध्यानात ठेवावयाच्या दोन गोष्टी

अखंड आसाच्या जीपगाड्यांत कधीकधी ठराविक वेगाला, विशेषतः एखाद्या खड्ड्याचे निमित्त होऊन, पुढची चाके जोराने थरथरू लागतात व चक्र हातात ठरत नाही. अशा वेळी ब्रेक एकदम दाबू नये. चक्र घट्ट पण न झगडता धरावे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि वेग हळूहळू कमी होऊ द्यावा. या थरथरीचे मूळ किंगपिनची झीज, टाय रॉडची ढिलाई, चाकाचे बिघडलेले संतुलन किंवा सैल पाटे यांत असते. सुकाणूला वेगळा डँपर लावल्याने थरथर दबते, दोष जात नाही.

दुसरी गोष्ट इंधन वाचविण्याच्या चुकीच्या कल्पनेविषयी आहे. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे चालक अजूनही आढळतात. इंजिन बंद होताच पॉवर स्टिअरिंगचे साहाय्य जाते व चक्र जड होते. ब्रेकला मिळणारे साहाय्यही दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते. त्यातच किल्ली शेवटपर्यंत मागे फिरली किंवा निघाली तर अनेक गाड्यांचे सुकाणू कुलूप लागून जागेवर अडकते. घाट नेहमी इंजिन चालू ठेवून, योग्य गिअरमध्ये उतरावा.

पॉवर स्टिअरिंग तेलाचे असेल तर टाकीतील तेलाची पातळी व पट्टा दर महिन्यास पाहावा. चक्र एका टोकाला नेऊन दाबून धरू नये. त्याने पंप तापतो. विजेवर चालणारे असेल तर त्याचा सूचक दिवा पेटून राहिला आहे का याकडे लक्ष द्यावे.

ऋतुमानानुसार निगा

आपल्याकडे वर्षातून दोन तपासण्या विशेष काळजीने कराव्यात. पहिली मे महिन्यात, पावसापूर्वी. तीत सर्व रबरी टोप्या, टायरच्या खाचा व ग्रीस पाहावे. मोटारीच्या टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी असा नियम आहे, परंतु आपल्या पावसात इतक्या काठावर येईपर्यंत वाट पाहू नये. दुसरी तपासणी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. चार महिन्यांच्या खड्ड्यांनी अलाइनमेंट, बुश व शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांचे काय केले ते या वेळी कळते. किनाऱ्याजवळच्या गावांतील गाड्यांचा खालचा भाग खाऱ्या हवेने गंजतो. तो गोड्या पाण्याने धुवावा आणि स्प्रिंगांच्या व आर्मच्या बैठकी पोखरल्या आहेत का ते पाहावे. पुळणीवर गाडी नेण्याचे टाळावे. वाळू आणि मीठ एकदमच सांध्यांत जातात.

कायदा आणि नोंदवही

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ अन्वये सुकाणूच्या चक्राचा ढिलेपणा ३० अंशांहून अधिक असता कामा नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि सांध्यांचे बोल्ट वा पिना सुटणार नाहीत अशा रीतीने अडकविलेल्या असल्या पाहिजेत. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे साडेदहा सेंटिमीटर. यावरून हे उघड होते की, नियमाची मर्यादा ही अखेरची सीमा आहे. चांगल्या गाडीचे ते माप नव्हे.

वाहतूक वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. म्हणजे एखाद्या कुटुंबाची मोटार पंधरा वर्षे कोणत्याही निरीक्षकाने न पाहता रस्त्यावर फिरू शकते. तेवढ्या काळात तिच्या सांध्यांची जबाबदारी सर्वस्वी मालकाची असते.

कार्यालयीन व शालेय वाहनांच्या बाबतीत अडचण निराळी असते. चालक तोंडी तक्रार करतो, ती कोठे लिहिली जात नाही आणि मंजुरीची नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत गाडी धावतच राहते. यासाठी लॉगबुकात दोषांची नोंद तीन वर्गांत करावी :

अ वर्ग : गाडी तत्काळ थांबवावी. यात मोडतात — सुकाणूच्या सांध्यातील खडखड, गळालेली स्प्लिट पिन, तडा गेलेला मुख्य पाटा, सैल यू-बोल्ट, वाकलेला टाय रॉड, चक्र अडखळणे.

ब वर्ग : एका आठवड्याच्या आत दुरुस्ती करावी. यात मोडतात — फाटलेली रबरी टोपी, तेल गळणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गाडी एका बाजूला ओढणे.

क वर्ग : पुढील सर्व्हिसिंगच्या वेळी पाहावे. यात मोडतात — किंचित कुरकुर, टायरची नुकतीच सुरू झालेली विषम झीज.

अ वर्गाचा दोष लिहिला गेल्यावर मंजुरी येईपर्यंत गाडी बाहेर न काढण्याचा अधिकार चालकाला असला पाहिजे व त्यासाठी त्याला बोल लावला जाऊ नये. टाय रॉडचे एक टोक हा मोटारीतील स्वस्त भागांपैकी एक आहे. त्याची खरेदी पुढच्या तिमाहीवर ढकलून होणारी बचत ही बचत नव्हे.

समारोप

वर सांगितलेल्या तपासणीला एक जॅक, एक घोडी, दोन पाने, एक पट्टी आणि एक दोरी एवढेच साहित्य लागते. ती करणारा मनुष्य मेकॅनिक असण्याची आवश्यकता नाही. त्याने दर महिन्यास नियमाने पाहावे आणि पाहिलेले लिहून ठेवावे इतकेच पुरे. मेकॅनिककडे जाताना ‘स्टिअरिंग बिघडले’ असे मोघम न सांगता ‘डावे पुढचे चाक वरखाली धरून हलविले असता खडखडते, ब्रेक दाबला तरी थांबत नाही’ असे सांगता आले, तर दुरुस्ती नेमकी होते, खर्च वाचतो आणि जो भाग चांगला आहे तो उगाच बदलला जात नाही.

उजळणीचे प्रश्न

१. चाक वरखाली धरून हलविताना ब्रेक दाबल्याने कोणता दोष वेगळा ओळखता येतो?
२. टायरचा व्यास ५०० मिलिमीटर असून दोन्ही चाकांत मिळून ४ मिलिमीटरची चूक असेल, तर एका किलोमीटरमागे प्रत्येक चाक किती मीटर आडवे घासले जाईल?
३. नवे पाटे बसविल्यानंतर यू-बोल्ट पुन्हा का आवळावे लागतात?
४. आपल्या शाळेच्या किंवा कार्यालयाच्या वाहनाच्या चक्राचा ढिलेपणा मोजा आणि तीन महिन्यांचे आकडे एका तक्त्यात मांडा.